झाकणावरचं नाव

जेवायला बसायचा सागवानी पाट काखेत मारून चंपतराव भर दुपारी नत्थूजीच्या पडवीत आला आणि म्हणाला, "हा कापून दे." नत्थूजी गावचा वाढई, म्हणजे सुतार. वखरं, तिफणी, गाड्यांची चाकं, लग्नातले पाट, सगळं त्याच्याच हातचं. मोडलेली वस्तू सांधून मागणारी माणसं त्याच्याकडे रोजच येत. चांगली वस्तू मोडून मागणारा हा पहिलाच.

"ऊन लागलं काय गा तुले?" नत्थूजी म्हणाला. त्यानं पाट उलटा केला. खालच्या अंगाला बिब्ब्याच्या काळ्या रसानं लिहिलं होतं, रुपराव. "हा त रुपरावचा पाट होय. त्याच्या लग्नात मीच करून देल्ला होता."

"माहीत आहे मले."

"मंग कापतं काहून?"

"पेन्सिलीची पेटी कराची आहे. इंदूले शाळेत टाकनार म्हनते."

नत्थूजीनं पाटावरच्या नावावरून अंगठा फिरवला. इंदू म्हणजे रुपरावची पोरगी, चंपतरावची नात, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती आता काटोलला होती आणि तिथं तिचं कोणाशी काय नातं लागतं हेही गावाला माहीत होतं. "मी दुसरी फळी देतो ना," तो म्हणाला. "सागाचीच देतो."

"नाही. हीच पाह्यजे."

रुपराव काविळीनं गेला तेव्हा इंदू नुकती पाय टाकायला लागली होती. चंपतरावची बायको गोपिका त्याच्याही आधी गेलेली. घरात राहिली तरणीताठी सून जयवंता, पाळण्यातून उतरलेलं पोर आणि हा म्हातारा. वरीस सरल्यावर चंपतराव स्वतःच उठला, जयवंताच्या भावाला भेटला आणि म्हणाला, "पोरगी जवान आहे, तिचं दुसरं घर पाहा." काटोलचा बाबाराव, संत्र्याच्या बाजारात आडत्याकडे कामाला, बायको बाळंतपणात गेलेली. तिथं जयवंता दिली. जातीतले म्हणाले, सून जाऊ दे, पोर तुझ्या घरचं आहे, ते ठेव. रीत तशीच होती. चंपतराव म्हणाला, "तिची येनी कोन घालन? मी?" आणि पोरही आईसोबत पाठवलं. गावानं फार वाखाणलं त्याला. मोठ्या मनाचा माणूस, असं चारचौघांत बोलू लागले. पण मोठ्या मनाच्या माणसाला संध्याकाळी घरी गेल्यावर चूल स्वतःलाच फुंकावी लागते, हे वाखाणणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

रीत आणखी एक होती. पहिल्या घरच्या माणसानं दुसऱ्या घराच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. त्याच्या पाठोपाठ मेलेला येतो म्हणतात. चंपतरावनं ती पाळली. सावनेरच्या बाजारात जयवंताचा भाऊ भेटला की तो इकडचं तिकडचं विचारी, कापसाचा भाव विचारी, आणि मग निघता निघता, जसं काही आत्ताच आठवलं, विचारी, "अन् पोरगी?" या उन्हाळ्यात भाऊ म्हणाला, शाळेत टाकणार आहेत, मृगानंतर जाईल. त्या दिवशी चंपतराव मीठ घ्यायला गेला होता, ते न घेताच परत आला.

नत्थूजीनं पाटाच्या पातळ फळ्या चिरून दिल्या. रुपरावचं नाव करवतीखाली गेलं. पुढचं काम चंपतरावला स्वतः करायचं होतं. "तू फक्त सांग," तो म्हणाला. नत्थूजीला हसू आलं. नांगराची मूठ धरून राठ झालेली ती बोटं, आणि काम बोटभर खाचेचं.

सकाळी चंपतराव वावरात वखर हाणायचा. मागल्या कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं वेचायची राहिली होती, ती एकट्यानं वेचायची. घरात बाई असताना हे काम होऊन जायचं, कधी झालं ते कळायचंही नाही. पाऊस आला की पेरणी, आणि पेरणीला तिफणीमागं बी सोडायला बाईचा हात लागतो. गेली काही वर्षं तो कोणाची तरी मनधरणी करून बाई आणायचा, आणि सगळ्यांची पेरणी उरकल्यावर त्याची व्हायची. बैलांशी तो बोलायचा, ते वखर हाणणारे सगळेच बोलतात. पण हा वखर सोडल्यावरही बोलायचा. घरी आला की बोलणं बंद. भिंतीला टेकवलेल्या उरलेल्या पाटांपैकी एक घेऊन, कांदा फोडून, भाकर खायची आणि नत्थूजीच्या पडवीत जायचं.

पहिल्या दिवशी खाच पाडताना फळी उकलली. दुसऱ्यांदा पटाशी निसटून अंगठ्याच्या बेचक्यात गेली. नत्थूजीनं हळद दाबली आणि म्हणाला, "बैलाच्या शेपटीनं रांगोळी काढून राहिला तू. सोड. मी करून देतो, अर्ध्या घंट्याचं काम आहे."

"तू केलीस त ते तुही पेटी होईन."

"बरं बाप्पा. कर."

एक दिवस अर्धवट पेटी हातात घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. मग विचारलं, "नत्थू, सहा वर्साच्या पोरीचा हात केवढा असते गा?" नत्थूजीनं आपल्या तळहातावर बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत. चंपतराव त्या बोटाकडे पाहत राहिला. त्याच्या आठवणीत तो हात अजून करवंदाएवढ्या मुठीचा होता. पेटी त्यानं फळीच्या लांबीनं केली होती, ती पुन्हा कापून आखूड केली, नाहीतर तिच्या हातात मावली नसती. त्या रात्री त्याला वाईट वाटलं, ते पेटीचं नव्हतं.

शेवटी जमली. चार बाजू सरसानं जोडलेल्या, आत पेन्सिलींना एक मोठा कप्पा आणि पाटी पुसायच्या चिंधीला एक लहानगा. झाकण खाचेतून सरकायचं. सरकवलं की लाकडाचा बारीकसा आवाज व्हायचा आणि तो ऐकायला चंपतराव ते पुन्हा पुन्हा सरकवायचा. तेवढ्यासाठी तरी नत्थूजीनं त्याला मानलं. "पोरीले आवडन," तो म्हणाला.

मग चंपतरावनं कनवटीचे बिब्बे काढले. दिव्यावर बिब्बा गरम केला, सुई टोचली, काळा रस निथळला. बाभळीचा काटा त्यात बुडवून तो लिहायला बसला.

"अरे, बिब्बा नको टाकू गा," नत्थूजी म्हणाला. "लेकराच्या हातात द्यायची चीज आहे. उतला, अंगावर फोड आले म्हंजे?"

"आमच्या घरात कोनाले उतत नाही. रुपराव त बिब्बे हातानं फोडून खाये. तिच्यात रगत कोनाचं आहे?"

त्या घरातली प्रत्येक वस्तू बिब्ब्यानं खुणवलेली होती. वखर, टोपली, कुदळ, सूप. कोणी मागून नेलं तरी नाव पाहून घरी आणून देई. हा रस एकदा लाकडात मुरला की धुतल्यानं जात नाही. चंपतरावनं झाकणावर, जिथं अंगठा लावून झाकण सरकवायचं बरोबर त्याच ठिकाणी, लिहिलं: इंदू रुपराव. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण वळणदार. वाळल्यावर त्यानं स्वतःच्या गालावर ते झाकण घासून पाहिलं. काही झालं नाही.

काटोलला जायला गावाजवळच्या खाप्याहून सावनेरची गाडी, तिथून दुसरी. गाडीत तो एकच वाक्य मनात म्हणत होता: मी तुहा आजा आहो. ते कुठल्या सुरात म्हणावं हे ठरत नव्हतं. मोठ्यानं म्हटलं तर पोर दचकेल, हळू म्हटलं तर ऐकू जायचं नाही.

बाबारावचं घर सापडलं. ओट्यावर त्याची आई रंभाबाई तांदूळ निवडत होती. चंपतरावनं नाव सांगितलं तशी तिची बोटं थांबली. आत जयवंता दारामागं उभी राहिली, डोक्यावर पदर. "मामाजी," एवढंच म्हणाली. अंगानं भरली होती. चांगली दिसत होती. ते पाहून चंपतरावला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

"पोरगी?"

"शाळेत गेली ना," रंभाबाईनं उत्तर दिलं. "सांजेले येते. तुमची गाडी चुकन मंग."

त्याला ओट्याच्या कडेला बसायला सांगितलं. पितळी पेल्यात चहा आला. पेटी त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणली होती, ती काढून दिली. जयवंतानं ती हातात घेतली, झाकणावरचं नाव वाचलं आणि वर पाहिलं नाही. "आबानं देल्ली म्हनून सांगजो," चंपतराव म्हणाला. ती पेटी घेऊन आत गेली, तसा तो उठला. तो गल्लीच्या वळणावर पोचला असेल नसेल, मागे ओट्यावर बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज झाला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. म्हातारं माणूस आहे, ओटा धूत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण तांदूळ तर अजून निवडायचे होते.

गावात आल्यावर नत्थूजीला त्यानं सांगितलं, "पेटी फार आवडली पोरीले. झाकन सारखं सरकवून राहिली होती."

मृग कोरडाच गेला, पेरण्या खोळंबल्या, बियाणं घरात पडून राहिलं आणि एका सकाळी जयवंताचा भाऊ सायकलवर आला. बसला नाही. उभ्यानंच बोलला. इंदूला बिब्बा उतला. आधी अंगठा, मग दोन्ही हात, मग तेच हात तोंडाला लागून डोळे सुजले. फोड आले. दवाखान्यात नेलं. आता उतार आहे. "अन् जयवंता म्हनते, मामाजीले सांग, तिकडे येऊ नका म्हना."

 चंपतराव दुसऱ्याच दिवशी काटोलला गेला. ये म्हटलं असतं तर कदाचित लाजून गेला नसता. घाणीवरचं ताजं तिळाचं तेल बाटलीत भरून घेतलं, खोबऱ्याची वाटी घेतली. बिब्ब्याला हेच लागतं, हे त्याला माहीत होतं. बिब्बा कोणाला उततो आणि कोणाला नाही, हेही माहीत असल्याचा त्याचा समज होता. आमच्या रक्ताला उतत नाही. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की रक्त आईचंही असतं. इतकी साधी गोष्ट त्याला त्या काट्यानं लिहिताना सुचली नव्हती, कारण सुचू द्यायची नव्हती.

बाबाराव घरीच होता. आडदांड, संत्र्याची पोती उचलून खांदे रुंदावलेला. चंपतरावला वाटलं, हा आता हात धरून खाली उतरवेल. पण बाबारावनं खाट टाकली. "बसा, चंपतरावजी."

"पोरगी कशी आहे?"

"बरी आहे आता. खपल्या धरल्या." तो स्वतः उभाच राहिला. आतून रंभाबाईचा आवाज आला, "बिब्बा असा उतत नसते. ज्याचं नाव लिवलं, थो आला घरात."

"माय, तू थांब," बाबाराव म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "फोडाचं काही नाही जी. फोड बरे होतीन. शाळेत मास्तरनं हिचं नाव लिवलं इंदू बाबाराव. पेटीवर रुपराव. पोट्टे चिडवून राहिले, तुहे बाप दोन म्हनून. रडत आली घरी. मले विचारते, बाबा, रुपराव कोन?"

चंपतराव खाटेवरून अर्धा उठला. "मंग? तुमी काय सांगतलं?"

"म्हटलं, पेटी विकनाऱ्याचं नाव असन." बाबारावनं मान खाली घातली. "खोटं बोललो. दुसरं सुचलंच नाही."

दारामागून जयवंता बोलली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एवढं एकदम बोलली नव्हती. "मामाजी, तिले अजून काही सांगतलं नाही. मोठी झाली म्हंजे सांगू. आत्ता सांगतलं त ती याइच्या मांडीवर बसनार नाही. तुमीच देल्लं मले या घरी. तुमचे पाय धरते."

चंपतरावला राग आला. दारामागच्या पदराचा, त्या रुंद खांद्यांचा, आत बडबडणाऱ्या म्हातारीचा, सगळ्यांचाच. माझा एकुलता एक पोरगा मातीत गेला, आणि त्याचं नाव पेटी विकणाऱ्याचं झालं. चार अक्षरं लिहिली, ती खोटी होती का? त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात पोरगी बाहेर आली. हाताला तिळाचं वाटण फासलेलं, डोळ्यांखाली कातडी सोललेली, केस तेल लावून घट्ट दोन वेण्यांत बांधलेले. चालत आली ती थेट बाबारावच्या पायाला जाऊन टेकली आणि तिथून पाहुण्याकडे पाहू लागली. हनुवटी रुपरावची होती. अगदी तशीच, मध्ये खळगा पडलेली.

"तुमी कोन जी?" तिनं विचारलं.

दारामागं बांगड्या वाजल्या, मग थांबल्या. बाबारावनं हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि चंपतरावकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्या आडदांड माणसाला भीती वाटत होती.

गाडीत घोकलेलं वाक्य चंपतरावच्या जिभेवर होतं. ते म्हणायला एक श्वास पुरला असता. "मी वाढई आहो बाई," तो म्हणाला. "पेटी म्याच केली. तुह्या पेटीवर नाव चुकलं. तेच सांगाले आलो."

"चुकलं?"

"हो. आमच्या गावात एक इंदू आहे. रुपरावची. तिची पेटी तुह्याकडे आली."

पोरगी विचारात पडली. बाबाराव दुसरीकडे पाहू लागला.

"तिचे बी हात सुजले काय?"

"नाही. तिले उतत नाही."

"मोठी आहे काय ती?"

"तुह्याएवढीच."

"तिची माय आहे?"

चंपतरावला पुढचं खोटं जुळवता येईना. "सगळे आहेत," तो म्हणाला. "लाडाची आहे."

पोरगी बाबारावच्या धोतराचं टोक ओढत म्हणाली, "बाबा, थे पेटी काढून द्या ना. तिच्यापाशी पेटी नसन ना मंग. ती शाळेत काय नेत असन?"

गोठ्याच्या आढ्यावर, पोत्याच्या तुकड्यात बांधून, हात लागू नये म्हणून ठेवलेली पेटी बाबारावनं काठीनं खाली घेतली. चंपतरावनं ती उघड्या हातानं उचलली आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली. तेलाची बाटली, खोबरं खाटेवर ठेवलं. "रोज लावा. खाऊ बी घाला. मीठ कमी द्या काही दिवस," तो म्हणाला.

"जेवून जा," बाबाराव म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

"गाडी आहे."

बाबाराव त्याला स्टँडपर्यंत सोडायला आला.  गाडी हलताना बाबारावनं खिडकीच्या गजाला हात लावला आणि काही म्हणायचं म्हणून म्हणाला, "अभ्यासात चांगली आहे जी. मास्तर म्हनते." चंपतरावनं मान हलवली. गाडी काटोलच्या बाहेर निघाली, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या, आणि शेजारी कोणी नाही असं पाहून तो रडला. ज्या पोरासाठी तो इतकी वर्षं रडला नव्हता, त्याच्यासाठीही त्यातलं थोडं होतं.

पेरणीच्या आधी, नत्थूजीच्या पडवीत तिफणी दुरुस्तीला आलेल्या लोकांची गर्दी होती. चंपतराव कोपऱ्यात उभा राहिला, गर्दी ओसरेपर्यंत. मग म्हणाला, "नत्थू, तू म्हने ना, सागाची फळी देतो म्हनून. दे."

"कायले?"

"पेन्सिलीची पेटी कराची आहे."

"आता कोनासाठी?"

"काटोलले बाबारावची पोरगी आहे," चंपतराव म्हणाला. "शाळेत जाते."

नत्थूजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि उठून फळी शोधू लागला. चांगली, गाठ नसलेली, निवडायला त्याला वेळ लागला. फळी पुढे ठेवत त्यानं विचारलं, "अन् नाव? नाव कायनं लिवशीन यावर?"

चंपतरावनं रंधा हातात घेतला होता. पातं पुढे ठोकत, फळीवर नजर ठेवून तो म्हणाला, "नाव थो टाकन. बाप आहे थो."